अकरा पिवळे बोर्ड

"बोर्डाचं माझ्यावर सोडा, अप्पा," असं मी म्हणालो आणि अप्पांनी सोडलं. एवढंच झालं. पुढं जे घडलं त्याच्या निलंगा तालुक्यात आजही तीन-चार वेगवेगळ्या कथा सांगतात. त्यातल्या एकीत तर मला भर रस्त्यात चोप बसतो. तसं काही झालेलं नाही. (बसता बसता राहिला.) म्हणून खरं काय ते मीच सांगतो.

मी राजशेखर. दोन वर्षं फिनलंडला राहून एक विद्या शिकून आलो. लोकांना हवी असलेली माहिती त्यांना चटकन सापडावी, वाचता यावी, कळावी आणि तिचा उपयोग करता यावा, म्हणून ती कशी मांडायची, याची ही विद्या. दवाखान्यातली पाटी, सरकारी फॉर्म, औषधाच्या पाकिटावरची सूचना, सगळं यात आलं. स्पष्ट माहिती हा माणसाचा हक्क आहे, असं मी मानतो. तिकडं मानत होतो, इकडं येऊन आणखी जोरात मानायला लागलो.

आमच्या गौरम्मा आत्याला मी हे सगळं पाऊण तास समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी बोर्ड रंगवायला शिकून आलास."

"रंगवायला नाही गं आत्या, मांडायला."

"त्याला इमानानं जावं लागतंय व्हय? आपला नाक्यावरचा पेंटर तर सायकलीवर येतो."

अशा वातावरणात माझ्या धाकट्या बहिणीचं, सृष्टीचं लग्न ठरलं. मुलगा देगलूरचा, नाव सत्यम, स्वभावानं गरीब. त्याच्या वाट्याची सगळी ऐट त्याच्या मामांनी, संगप्पा मामांनी घेऊन ठेवली होती. या मामांची ख्याती अशी, की मानपानात जरा इकडचं तिकडं झालं की ते न बोलता चपला घालतात. आजवर दोन लग्नांतून ते असे उठून गेले होते, आणि एका लग्नात तर त्यांच्या मागं अख्खं वऱ्हाड उठलं होतं.

त्यामुळं अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, घोर लागला होता. घरातलं हे पहिलंच लग्न. "मला दोनच गोष्टी पाहिजेत," ते रोज सकाळी आंघोळ झाल्यावर सगळ्यांना ऐकवायचे. "पंगतीत अन्न कमी पडू नये आणि बारा पस्तीसला अक्षता पडाव्यात. बाकी तुम्ही काय बी करा."

बाकी काय बी, म्हणजे बोर्ड.

लग्न आमच्या शेतात मांडव घालून होतं. मोठ्या रस्त्यावरून जाताना एक फाटा लागतो, तिथून उजवीकडं एक किलोमीटरवर आमचं शेत. अप्पांनी फाट्यावर लावायला रिवाजाप्रमाणं फ्लेक्स सांगितला होता. त्याचा नमुना मोबाईलवर आला आणि मी हादरलो. सदतीस फोटो. वरच्या रांगेत स्वर्गवासी, मधल्या रांगेत पुढारी, खाली आम्ही. वधूवरांचे फोटो शोधायला मला एक मिनिट लागलं. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो दिशा दाखवणारा बाण जागाच उरली नाही म्हणून एका चुलत्याच्या कानाच्या आत घुसवला होता.

"अप्पा, ही माहिती नाही, ही गर्दी आहे," मी म्हणालो. "गाडीतल्या माणसाला बोर्ड वाचायला तीन सेकंद मिळतात. तीन सेकंदांत सदतीस माणसं कशी बघायची?"

"आपला फोटो कुठाय तेवढंच बघतेत लोक."

"म्हणूनच रस्ता चुकतात. बोर्डाचं माझ्यावर सोडा, अप्पा."

फ्लेक्स रद्द झाला. (त्या चुलत्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते तेव्हापासून.) मी आठ दिवस बसून नवा बोर्ड केला. नको ते सगळं काढून टाकायचं, ही आमच्या विद्येतली पहिली शिकवण. मी काढत गेलो. 'श्री' काढला, 'सस्नेह निमंत्रण' काढलं, कमळं काढली, दोन्ही घराण्यांची नावं काढली, वधूवरांचीही काढली. शेवटी पिवळ्याधमक पाटीवर उरला तो एक काळाभोर शब्द, 'लग्न', खाली जाडजूड बाण, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वाढलेल्या पत्रावळीचं चित्र. बघून माझे डोळे भरून आले.

बोर्ड लावण्याआधी तो वापरणाऱ्या माणसांवर तपासून घ्यायचा असतो. मी तो आईला दाखवला. आई अक्षतांचे तांदूळ रंगवत होती.

"वाच."

"लग्न."

"कुठं आहे?"

"बाण हिकडं हाय, म्हंजी हिकडं."

"वा! दीड सेकंद!"

"पण कोणाचं?"

"आई, जो लग्नाला निघालाय त्याला माहीत असतंच ना, आपण कोणाच्या लग्नाला निघालोय ते!"

"ते बी खरंच," म्हणून आई पुन्हा तांदळाकडं वळली. मी वहीत नोंद केली : 'चाचणी यशस्वी. एक अनावश्यक प्रश्न.'

असे अकरा बोर्ड आदल्या संध्याकाळी फाट्यापासून मांडवापर्यंत, आणि फाट्याच्या दोन्ही अंगांना मोठ्या रस्त्यावर पार लांबपर्यंत, मी स्वतःच्या हातानं रोवले.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहापासून माणसं यायला लागली, आणि काय यायला लागली म्हणता! जीपा, टेम्पो, मोटारसायकली. एकही गाडी फाट्यावर थांबून विचारत नव्हती. सगळ्या झोकात वळत होत्या. मी मांडवाच्या तोंडाशी उभा राहून मोजत होतो आणि आतून फुलत होतो. एक काळीपिवळी जीप तर तुडुंब भरून आली. उतरणाऱ्यांत दोघांच्या हातात बाजाराच्या पिशव्या होत्या. एकानं विचारलं, "जेवण चालू झालं का हो?" मी हात जोडून म्हणालो, "चालू आहे, या!" आमच्याकडं हल्ली अक्षतांची वाट बघत कोणी उपाशी बसत नाही. माणसं आली की पंगती बसतात.

तोंडं मात्र अनोळखी होती. पण लग्नात अनोळखी तोंडाचं कोणाला काही वाटत नाही. आम्हाला वाटलं, ही मुलाकडची. मुलाकडच्यांना काय वाटलं असतं ते कळायला मुलाकडचं अजून कोणी आलेलंच नव्हतं.

साडेअकराला सिद्धराम आचारी मला हातानं खुणावून चुलवणाकडं घेऊन गेला. हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, कढईत त्यानं उलथनं आपटलं. खणकन आवाज आला.

"हे काय?"

"बूड," सिद्धराम म्हणाला. "सातशे माणसांचं सांगितलं होतं. सातशे जेवून गेलीत आन् चौथी पंगत बसून राहिली. तुमचं एकबी पाव्हणं मी अजून बघितलं न्हाई. तुमचे उदगीरचे चुलते कुठायत? तुमच्या मावश्या?"

मी पंगतीकडं धावलो. आता पंगतीत बसलेल्या माणसाला 'तुम्ही कोणाचे?' असं विचारायची आमच्याकडं सोय नाही. विचारणाऱ्याच्या सात पिढ्यांचं नाक कापलं जातं. म्हणून एका भारदस्त फेटेवाल्या गृहस्थांना मी हुग्गीचा आग्रह करता करता आडून विचारलं, "प्रवास नीट झाला ना?"

"एकदम नीट. बोर्ड लई बेस्ट लावलेत." (एवढ्या संकटातही मला बरं वाटलं.) "तुम्ही नवरदेवाकडचे का?"

"नाही, मी नवरीचा भाऊ."

गृहस्थांचा घास हातातच राहिला. "रामकिशनरावांना तर तिन्ही पोरीच हायत म्हणत होते!"

तेव्हा उलगडा झाला. त्याच रस्त्यावर, आमच्या फाट्यापासून सरळ पुढं एका मंगल कार्यालयात रामकिशनराव नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचं त्याच दिवशी लग्न होतं. त्यांची माणसं रस्त्यानं सरळ चालली होती. वाटेत स्पष्ट, ठळक, शंकेला जागा न ठेवणारा माझा बोर्ड आला आणि ती वळली.

मी हे अप्पांना सांगायला गेलो, तर अप्पा आधीच फोनवर होते आणि घामानं भिजले होते. बारा वाजून गेले होते आणि वऱ्हाडाचा पत्ता नव्हता. बँडच्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्यांनी फोनचा स्पीकर लावला होता.

"सोयरे, कुठवर आलात?"

"कवाच आलोत की!" संगप्पा मामांचा आवाज खुशीत होता. "मांडवात बसून चुरमुऱ्याचा सुशीला खाऊन राहिलो. लई झकास झालाय."

अप्पांनी सगळ्या मांडवावर नजर फिरवली. "कोण्या बाजूला बसलात?"

"स्टेजच्या म्होरं. पंख्याखाली."

अप्पा स्टेजसमोरच्या पंख्याखाली गेले. तिथं बाजाराच्या पिशव्यावाले दोघं आडवे झाले होते. "मी पंख्याखालीच हाय, सोयरे."

"आम्ही बी पंख्याखालीच हाव. हात वर करा बरं."

अप्पांनी हात वर केला. सगळ्या मांडवानं त्यांच्याकडं बघितलं.

"दिसंना गेलात," मामा म्हणाले.

मी पुढं होऊन ओरडलो, "मामा, व्हॉट्सअॅपवर लोकेशन टाका!" दोन मिनिटांनी त्यांच्याकडून गुलाबाच्या फुलांचं 'शुभ सकाळ' आलं.

त्या सगळ्यात डोकं चाललं ते सिद्धरामचं. तो उलथनं घेऊन मागं येऊन उभा राहिला होता. "अप्पा," तो म्हणाला, "आपल्याकडं सुशीला कुठाय? आपण नाष्ट्याला उप्पीट केलंय."

अप्पांचा वर केलेला हात तसाच राहिला. रामकिशनरावांची माणसं आमच्याकडं जेवत होती आणि आमचा नवरदेव त्यांच्याकडं नाष्टा करत होता. आत सृष्टी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून तयार बसली होती. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"राजू," अप्पा मला म्हणाले. एवढंच. चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "संगप्पा मामांना कळलं की आपण चुकीच्या मांडवात बसलोत, तर ते चपला घालतील रे."

मी मोटारसायकलला किक मारली. गौरम्मा आत्या न विचारता मागं बसली. एका हातानं तिनं माझा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हातात चक्क मांडवातली प्लास्टिकची खुर्ची.

"खुर्ची कशाला आत्या?"

"तुझा बोर्ड उभा हाय ना? मी बसते."

फाट्यावर आमच्या समोरच आणखी तीन गाड्या वळायच्या बेतात होत्या. आत्यानं भर तिठ्यावर खुर्ची टाकली, पदर खोचला, छत्री उघडली आणि पहिल्या जीपला हात केला.

"कोणाच्या लग्नाला?"

"रामकिशनरावांच्या."

"सरळ जा. त्ये बोर्ड बघू नगा, येड्यानं लावलेत. म्होरं!"

दुसरी गाडी बिदरकडची होती. "यार मदुवी?" आत्यानं कानडीत तोच प्रश्न टाकला. ते आमचेच निघाले, आईच्या माहेरचे. तासभर पुढंमागं फिरत होते. "उजवीकडं. आन् आत गेल्या गेल्या जेवायला बसू नगा, आधी अप्पाला तोंड दाखवा, जीव टांगणीला लागलाय त्याचा." तिसऱ्याला तिनं हिंदीत विचारलं, "किसकी शादी में जा रे मियाँ?" तो म्हणाला, "शादी नहीं चाची, मैं तो पत्रावळी देख के मुड़ा." त्याला तिनं पिटाळलं.

अक्षरं नाहीत, रंग नाही, बाण नाही. एक खुर्ची, एक बाई, एक प्रश्न. एकही गाडी चुकली नाही. मी शेजारी उभा राहून बघत होतो आणि फिनलंडची दोन वर्षं डोळ्यांपुढून सरकत होती. मी वही काढली तर आत्या म्हणाली, "लिव्हत काय बसलास? त्यो ट्रॅक्टर बघ."

सरळ रस्त्यानं एक ट्रॅक्टर येत होता. ट्रॉलीत वाफाळणाऱ्या पाच कढया, भाताचं मोठं पातेलं आणि पुऱ्यांच्या टोपल्या. मडगार्डवर फेटा बांधलेले एक आडदांड गृहस्थ बसले होते. ट्रॅक्टरच्या मागं वाजतगाजत आमचं देगलूरचं वऱ्हाड आणि घोड्यावर गोंधळलेला सत्यम.

गृहस्थ उतरले. "मी रामकिशन. अकराशे माणसांचं अन्न शिजवून वाट बघलालो, आन् मांडवात कोण? आचारी आन् कावळे. शेवटी एक वऱ्हाड आलं म्हणून ओवाळून आत घेतलं, नाष्टा दिला, टॉवेल-टोपी केली. स्टेजवर बघतो तर नवरदेव दोन!" त्यांनी आवाज चढवला. "हे पिवळे बोर्ड कोणी लावले?"

आत्यानं माझ्याकडं बोट केलं. ट्रॉलीतल्या आचाऱ्यांनी केलं. आमच्या मावश्या मागच्या गाडीत होत्या, त्यांनी काच खाली करून केलं. इतकी स्पष्ट दिशा त्या रस्त्यावर दिवसभरात कोणी दाखवली नव्हती.

रामकिशनराव माझ्याकडं चालत आले. मी डोळे मिटले. (चोप बसल्याची कथा इथूनच निघाली असावी.) पण त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पंगतीतून माणूस उठवत न्हाईत. माझी माणसं तुमच्याकडं बसलीत, तर माझं अन्न बी तुमच्याकडं येईल. जेवू घाला, मग माझ्याकडं अक्षताला पाठवा. माझा मुहूर्त दीडचा हाय. चला!"

आता उरला प्रश्न संगप्पा मामांचा. ते गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यावर रामकिशनरावांची टोपी आणि खांद्यावर रामकिशनरावांचा टॉवेल होता. मी आधी त्यांच्या पायांकडं बघितलं. चपला घातलेल्याच होत्या.

"मामा, चूक माझी आहे," मी म्हणालो. "बोर्डावर नाव नव्हतं म्हणून तुमची..."

"नाव नव्हतं म्हणूनच आम्ही वळलो न्हाई. आमच्या सोयऱ्यांची पोरगी बिननावाची कशी असंल? म्हटलं हे कोण्या गरिबाचं असंल. म्होरं गेलाव तर ह्ये मोठं फ्लेक्स! त्याच्यावर इतकी नावं, इतकी नावं, की म्हटलं आपलं बी असंलच."

"तुम्ही वाचलं नाही?"

"तेवढं कोण वाचतंय?"

अप्पा धापा टाकत फाट्यापर्यंत चालत आले होते. त्यांनी आमची टोपी मामांच्या डोक्यावरच्या टोपीवर ठेवली आणि आमचा टॉवेल दुसऱ्या खांद्यावर. मामांनी दोन्ही खांदे चाचपून बघितले. मग लोकांकडं वळून म्हणाले, "एका लग्नात दोन मांडवांचा मान देगलूरात कोणाला मिळाला असंल तर सांगा!" वऱ्हाड पुढं सरकलं. अक्षता पडल्या तेव्हा बारा एकोणचाळीस झाले होते. गुरुजींनी मंगलाष्टकं भरभर म्हटली, तरी चार मिनिटांचा उशीर झालाच. सृष्टी स्टेजवरून माझ्याकडं अशी बघत होती, की मी खांबाआड गेलो.

अन्न उरलं. अप्पांनी सिद्धरामकडून ते तीनदा वदवून घेतलं आणि मग कुठं खाली बसले.

संध्याकाळी पाठवणी झाल्यावर रामकिशनराव पुन्हा आले. त्यांच्या मुलीचंही निर्विघ्न पार पडलं होतं. मला बाजूला घेऊन त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या बोर्डात दम हाय."

अख्ख्या तालुक्यात, तेही सगळं कळल्यावर, पहिल्यांदाच कोणीतरी हे म्हणालं होतं. मला भरून आलं. मी त्यांना तीन सेकंदांचा नियम सांगितला, अक्षरांची जाडी सांगितली, स्पष्ट माहिती हा माणसाचा हक्क कसा आहे ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"पुढल्या महिन्यात आमच्या साहेबांची सभा हाय. दर बारीला माणसं जमवायला गाड्या पाठवाव्या लागतात, तरी बी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तुमचे बोर्ड लावू."

"जरूर! मी नवा मजकूर करतो. 'सभा', आणि खाली..."

"सभा लिव्हू नगा," ते म्हणाले. "हेच राहू द्या. लग्न. आन् ती पत्रावळी तर काढूच नगा."

मी ताठ उभा राहिलो. म्हणालो, "रामकिशनराव, माहिती ही माणसाला योग्य ठिकाणी पोचवण्यासाठी असते, फसवण्यासाठी नाही. मला लाख दिले तरी मी हे काम करणार नाही." माझ्या मते हे भाषण चांगलं झालं होतं.

"करू नगा की," ते मायेनं म्हणाले. "बोर्ड मगाशीच ट्रॉलीत भरलेत."

पुढच्या महिन्यात मी एका वर्गमित्राच्या लग्नासाठी लातूरकडं निघालो होतो. पत्रिका घरी विसरली होती, पण कार्यालय रस्त्यावरच आहे एवढं आठवत होतं. ऊन मी म्हणत होतं, भूक लागली होती. एका वळणावर समोर पिवळंधमक काहीतरी दिसलं. 'लग्न', बाण, पत्रावळी. मी विचारसुद्धा केला नाही. वळलो.

शामियाना खचाखच भरला होता. दोन स्वयंसेवकांनी हाताला धरून मला दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं आणि मागून खुर्च्यांच्या आणखी तीन रांगा लावून वाट बंद केली. माईकवर कोणीतरी साहेबांच्या कार्याचा आढावा घेत होतं. एक तास झाला. दीड झाला. माझ्या शेजारी आहेराची भेटवस्तू मांडीवर घेऊन बसलेले एक आजोबा दर पाच मिनिटांनी मान उंचावून पत्रावळ्या आल्या का बघत होते.

शेवटी ते माझ्याकडं वाकले. "हे बोर्ड ज्यानं केलेत ना," ते म्हणाले, "त्यो एकदा तावडीत सापडू द्या."

"हो ना," मी म्हणालो.

"तुम्ही काय करता?"

सभेत टाळ्या पडत होत्या. मीही वाजवल्या.

"काही नाही," मी म्हणालो. "वडिलांची शेती बघतो."